दोराचं टोक पुन्हा पुन्हा सुटतंय? काय तपासायचं आणि पक्कं कसं करायचं

दोर, ताडपत्र्या आणि शेतीच्या सामानाचं दुकान असल्यामुळे ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येते, पोळ्याच्या आधीच्या बाजारांत तर रोजच. दाव्याचं टोक सुटलं, मेणबत्तीवर जाळून घेतलं, आठ दिवसांत परत पिंजलं. मग फूटभर कापायचं आणि पुन्हा जाळायचं. असं करता करता दहा फुटी दावं सात फुटांवर येतं आणि जनावराला धड बसता येत नाही. हीच गत कासऱ्याची, पोहऱ्याच्या दोराची आणि ट्रॉलीवर ताडपत्री आवळायच्या दोराची.

टोक जाळणं हा इलाज नव्हे. जाळल्याने तंतू वितळून एकमेकांना चिकटतात, पण पेड एकमेकांत अडकत नाहीत. दोर टिकतो तो पिळावर, आणि कापलेल्या टोकाला तो पीळ धरून ठेवणारं काहीच नसतं. ते धरणारं काहीतरी द्यायचं, एवढंच काम आहे. पण त्याआधी टोक नेमकं कशामुळे सुटतंय ते बघावं लागतं, कारण बऱ्याच वेळा दोष टोकात नसतोच.

लक्षणं

टोकाचे तीन पेड फाकले आहेत, पण वीतभर मागे दोर घट्ट आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार.

जाळून केलेला गोळा शाबूत आहे, पण एक पेड त्यातून निसटून मागे सरकलाय. किंवा गोळाच तडकून दोन तुकडे झालाय.

टोकाला गुंडाळलेला दोरा टोपीसारखा अख्खा निघून हातात येतो.

टोक ठीक आहे, पण मध्येच पेड पोकळ झालेत, बोट घातलं की उघडतात. किंवा उलट, दोराला ठिकठिकाणी आकड्या पडल्या आहेत आणि तो सरळ राहतच नाही.

दोर हातातून ओढला की बारीक कुसं टोचतात, तळहाताला रंगीत भुकटी लागते.

विणलेल्या गोल दोराचं साल पुढे सरकून रिकामं लोंबतंय, किंवा आतला गाभा बाहेर डोकावतोय.

पहिल्या तिन्हींचा इलाज घरी होतो. पोकळ पेड आणि आकड्यांचं कारण दुसरीकडे असतं. शेवटची दोन लक्षणं दिसली तर टोकावर मेहनत घेण्याआधी दोर ठेवायचा की नाही ते ठरवा.

आधी दोर उघडून बघा

याला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटांत होतं, तरी हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. टोकापासून हातभर मागे दोर दोन्ही हातांत धरा, पिळाच्या उलट फिरवा आणि पेडांच्या मधे बघा. आतले तंतू बाहेरच्यांपेक्षा उजळ आणि अखंड दिसले तर दोर चांगला आहे. आत माती, वाळू, तुटलेल्या तंतूंचा चुरा किंवा वाखाच्या, म्हणजे अंबाडी-घायपातासारख्या झाडाच्या तंतूंच्या, दोरात काळपट कुजका वास असेल तर तो दोर आतून गेलाय. वाळूचे कण पेडांच्या मधे बसले की ताण येईल तसे तंतू कापत राहतात, आणि बाहेरून काही कळत नाही. असे चार-पाच ठिकाणी बघा. आतून गेलेल्या दोराचं टोक कितीही पक्कं केलं तरी तो मधूनच तुटणार.

उन्हात पडून राहिलेल्या प्लास्टिकच्या दोराचं वेगळं. निळा, पिवळा, हिरवा असा जो हलका दोर मिळतो तो बहुतेक पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनचा असतो. बाजारात त्यालाही सगळे नायलॉनच म्हणतात. त्यातल्या पॉलिप्रोपिलीनला ऊन फार लवकर लागतं. वरचे तंतू ठिसूळ होतात आणि त्यांचीच कुसं होतात. नखाने खरवडल्यावर भुकटी पडत असेल तर त्याला वजन लावू नका. भाजीचा मांडव बांधायला वापरा किंवा टाकून द्या.

दोर कशाचा आहे?

हे कळल्याशिवाय पुढचं काही करू नका. एक वीतभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका आणि दाबून आतली हवा काढा. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. दुसरी परीक्षा एका सुट्या तंतूवर, घराबाहेर: ज्योतीजवळ नेल्यावर वितळून मणी झाला तर कृत्रिम, भुरभुर जळून राख झाली तर सूत, अंबाडी, घायपात किंवा काथ्या.

याचं महत्त्व असं की वाखाचा दोर किंवा सुंभ वितळत नाही, नुसता जळतो. त्याचं टोक जाळणं म्हणजे चांगले तंतू वाया घालवणं. आणि कृत्रिम दोर गुळगुळीत असल्यामुळे त्यात पेड गुंफायचे झाले तर जास्त फेरे द्यावे लागतात, कारण तंतू एकमेकांवरून घसरतात. वाखाला जे तीन फेऱ्यांत साधतं त्याला नायलॉनमध्ये पाच लागतात. जुनी माणसं वाखाच्या दोरावर शिकलेली असतात, त्यांनी सांगितलेले तीन फेरे नायलॉनला दिले की गुंफण निसटते, आणि नाव ठेवलं जातं दोराला.

जनावर खुंट्याभोवती फिरतंय का?

मधेच पोकळ झालेले पेड किंवा आकड्या असतील तर नव्वद टक्के वेळा हेच कारण निघतं. शेळी किंवा वासरू खुंट्याभोवती एक चक्कर मारतं तेव्हा दोराला एक पीळ बसतो किंवा एक उतरतो. दिवसभर पिळाच्या उलट फिरलं तर पेड पोकळ होतात, पिळाच्या दिशेने फिरलं तर जादा पीळ चढून आकडी पडते. पोकळ झालेला पीळ शेवटी टोकाकडे सरकतो आणि टोकाचं बांधकाम उचकटतो. तुम्ही टोक नव्याने करता, जनावर ते नव्याने उलगडतं.

इलाज स्वस्त आहे. दाव्यात भोवरकडी घाला. ती फिरते, दोर फिरत नाही. आधीची भोवरकडी असेल तर ती खरंच फिरते का ते बोटाने बघा. शेणामुताने आणि गंजाने ती धरून बसते. तेलाचे दोन थेंब पुरतात.

आकडी पडलेला दोर जोरात ओढून सरळ करू नका. ओढल्यावर आकडी दिसेनाशी होते, पण तिथले तंतू आत मोडलेले असतात. टोक मोकळं सोडून, दोर जमिनीवर लांब पसरून हाताने पीळ उतरवा.

नव्या भेंडोळ्यातून दोर काढतानाही हाच घोळ होतो. आतल्या बाजूने ओढताना दोर वेटोळी घालायला लागला तर थांबा, भेंडोळं उलटं करा आणि पुन्हा ओढून बघा. रिळावरचा दोर रीळ फिरवूनच सोडायचा, बाजूने काढायचा नाही.

कापण्याआधी बांधा

पिंजलेलं टोक कापायचंच आहे, तर ज्या जागी कापणार तिथे आधी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, तीन-चार वेढे, आणि पट्टीच्या बरोबर मधोमध कापा. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना अर्धी अर्धी पट्टी राहते आणि एकही पेड हलत नाही. आधी कापून मग बांधलं तर तेवढ्यात पेड थोडेसे ढिले होतात, कमी-जास्त लांबीचे होतात आणि पुढे सगळा ताण सगळ्यात आखूड पेडावर येतो. दोर एका बाजूने सुटताना दिसतो त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

कृत्रिम दोर असेल तर कापलेला काठ हलका वितळवून घ्यायला हरकत नाही, पण पुढच्या कामाची तयारी म्हणून. पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉनला २२० किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे ज्योत थेट लावण्यापेक्षा जुन्या विळ्याचं पातं तापवून त्याने कापलेलं बरं, काठ सारखा येतो आणि काळा पडत नाही. हे काम गोठ्यात, कडब्याजवळ कधीही करू नका. वितळलेला थेंब कातडीला चिकटला की निघत नाही, म्हणून बोटांनी आकार देऊ नका. ओल्या फडक्याने किंवा चमच्याच्या पाठीने दाबा.

आणि वेसणीच्या टोकाला हा प्रकार अजिबात नको. वितळलेलं नायलॉन थंड झालं की त्याची कड काचेसारखी होते. माणसाच्या तळहाताला ती चिरते, तर नाकाच्या आतल्या नाजूक कातडीचं काय होत असेल? वेसण सुताची मऊ घ्या आणि तिची गाठ नाकपुडीपासून लांब, मानेमागे ठेवा.

गाठ मारून भागतं का?

तात्पुरतं भागतं. टोकाला एक साधी निरगाठ मारली तर सुटणं गाठीपाशी थांबतं, पण गाठीच्या पुढचा भाग पिंजतच राहतो. शिवाय ती गाठ कडीतून, कप्पीतून जात नाही. बाजारातून घरी येईपर्यंत ठीक.

दोऱ्याने टोक बांधणं

बहुतेकांना एवढंच पुरतं. खर्च जवळपास नाही आणि दोराची जाडी वाढत नाही, त्यामुळे पोहऱ्याचा दोर कप्पीतून सहज फिरतो. दोरा मात्र योग्य हवा. चपला-बूट शिवायला जो जाड, मेण लावलेला दोरा वापरतात तो उत्तम. साधी सुतळी असेल तर मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोन-तीनदा ओढून घ्या. मेणामुळे वेढा जागचा सरकत नाही. शिवणकामाचा बारीक दोरा नको, तो पेडाच्या खाचेत बुडतो आणि ढिला पडतो.

दोर पूर्ण कोरडा असू द्या. वाखाचा दोर पाण्याने फुगतो. ओल्यावर बांधलंत तर वाळल्यावर दोर बारीक होतो आणि बांधलेलं सगळं टोपीसारखं निघून येतं. पावसाळ्यात केलेली कामं दिवाळीनंतर परत येतात ती यामुळे.

दोर उभा धरा, टोक वर. दोऱ्याची दुमड करून ती दोरावर ठेवा, दुमडीचा वळसा टोकाकडे, आणि दोऱ्याचं आखूड शेपूट खाली लोंबतं सोडा. आता लांब बाजूने खालून वर टोकाकडे वेढे द्यायला लागा, दुमड आत घेत. प्रत्येक वेढा मागच्याला खेटून, ताण देत. वेढ्याची दिशा पिळाच्या विरुद्ध हवी. बाजारातल्या बहुतेक तीन पेडी दोरांत खाचा खालून डावीकडून वर उजवीकडे चढतात. अशा दोरावर दोरा तुमच्या समोरच्या बाजूने उजवीकडून डावीकडे गेला पाहिजे. कारण असं की पेड सुटायला लागला की तो ज्या बाजूला फिरतो, त्याच फिरण्याने हे वेढे जास्त आवळले जातात. पिळाच्या दिशेने दिलेले वेढे त्याच फिरण्याने ढिले होतात. एवढ्या एका गोष्टीने बांधणी चार दिवस टिकते की वर्षभर, ते ठरतं.

वेढ्यांची लांबी दोराच्या जाडीच्या दीडपट तरी ठेवा. १२ मिलिमीटरच्या दोराला १८ ते २० मिलिमीटर. शेवटी दोऱ्याचं लांब टोक दुमडीच्या वळशातून ओवा आणि खालचं आखूड शेपूट ओढा. वळसा वेढ्यांच्या खाली जातो. मधोमध पोचला की थांबा, पूर्ण ओढून काढला तर सगळं सुटेल. दोन्ही टोकं कापून टाका. दोराच्या टोकाशी जाडीइतकी जागा बांधणीच्या पुढे शिल्लक हवी, अगदी काठावर बांधलेलं घसरून पडतं.

दाभणाने बांधणं

रोज ओढला जाणारा, घासला जाणारा दोर असेल, तर वरची बांधणीसुद्धा एक दिवस अख्खी सरकते. कारण ती दोराला फक्त आवळून धरते, त्यात अडकलेली नसते. इथे दाभण घ्या, पोती शिवायचं.

दाभणात मेणाचा दोरा ओवून पहिला टाका एका पेडाच्या आरपार घाला, म्हणजे सुरुवातच पक्की होते. मग आधीसारखेच वेढे, पिळाच्या विरुद्ध. वेढे पुरे झाले की दाभण दोन पेडांच्या मधून पलीकडे काढा, आणि तो दोरा वेढ्यांच्या वरून, पेडांमधल्या खाचेतून खाली आणा. वेढ्यांच्या खालच्या काठाशी पुन्हा दाभण पुढच्या पेडाखालून घाला, पुढच्या खाचेत निघेल. तिथून खाचेतून वर. असं तिन्ही खाचांतून, जमलं तर प्रत्येक खाचेत दोन दोनदा. झाल्यावर वेढ्यांवरून तीन तिरके पट्टे जाताना दिसतील, ते बरोबर पिळाच्या खाचेत बसलेले असले पाहिजेत. पट्टा पेडाच्या फुगीर भागावर आला असेल तर उसवून परत घाला, तो पहिला घासून तुटेल.

ही बांधणी दोर झिजेपर्यंत हलत नाही. हाताला बसली की चहा निवेपर्यंत होते. मला विचाराल तर घरात फक्त एकच पद्धत शिकायची असेल तर ही शिका.

पेड मागे गुंफणं

दाव्याचं, कासऱ्याचं हातात धरायचं टोक असेल तर पेडच उलटे दोरात गुंफून टाकणं चांगलं. बाहेरचा दोरा लागत नाही आणि टोकाला मूठ धरायला जाडपणा येतो. मात्र कप्पीतून किंवा कडीतून जाणाऱ्या टोकाला हे करू नका, तिथे अडकेल.

१२ मिलिमीटरच्या वाखाच्या दोराला वीतभर पेड उलगडा, नायलॉनला वीत आणि वर चार बोटं. जिथे उलगडणं थांबवायचं तिथे आधी दोरा आवळून बांधा आणि प्रत्येक पेडाच्या टोकाला चिकटपट्टी लावा, नाहीतर पेडच पिंजतील. आता पहिला पेड दुसऱ्यावरून, दुसरा तिसऱ्यावरून, आणि तिसरा पहिल्याने केलेल्या वळशातून, अशी तिघांची एकमेकांत गाठ घाला आणि सारखी ओढून खाली बसवा. तिन्ही पेड आता मागे, दोराच्या अंगाकडे वळलेले असतील. आवळून बांधलेला दोरा काढा.

मग प्रत्येक पेड शेजारच्या एका पेडावरून न्यायचा आणि पुढच्या एकाखालून काढायचा, पिळाला आडवा. तिन्ही पेड एकेकदा गेले की एक फेरा. पेड उचलायला निमुळती लाकडी खुंटी वापरा. स्क्रू ड्रायव्हरची धार आतले तंतू कापते. एका खाचेतून दोन पेड बाहेर आले असतील तर चुकलं आहे, प्रत्येक खाचेतून एकच निघाला पाहिजे. वाखाला तीन फेरे, कृत्रिमला पाच. शेवटी दोर पायाखाली दाबून लाटा, गुंफण बसते. उरलेली शेपटं अगदी काठाला लावून कापू नका, पहिल्या ताणाला ती आत ओढली जातात. बोटाच्या पेराएवढी ठेवा.

खुंट्यात अडकवायचा फासाही असाच गुंफून करता येतो. तिथे आधीची तीन पेडांची गाठ नसते, फाशाएवढा दोर वळवून पेड थेट दोराच्या अंगात घालायचे, फेरे तेवढेच. हे मी आग्रहाने सांगतो, कारण गाठीने दोराची ताकद बरीच घटते, काही गाठींत तर निम्म्यावर येते. गाठीत दोर तीव्र वळतो आणि बाहेरच्या वळणावरच्या तंतूंवर सगळा भार येतो. नीट गुंफलेल्या फाशात फार तर दहावा हिस्सा जातो. ऊसतोडीच्या गाड्यांवर मोळ्या आवळायचे दोर तुटून येतात ते नेहमी गाठीपाशी तुटलेले असतात, हे हंगामात कधीही बघून घ्या.

इथे थांबा

विणलेल्या दोराचं साल सरकलं असेल तर वरून दोऱ्याने बांधून घ्या, सामान बांधायला चालेल. पण तीन पेडी गुंफण त्यात होत नाही, त्याची रीत वेगळी आणि प्रत्येक विणीची निराळी. डोंगर चढायचा दोर असेल आणि साल सरकलं किंवा फाटलं असेल तर दुरुस्ती नाहीच. तो दोर चढाईतून बाद. संस्थेतल्या जाणत्याला दाखवा, आणि तोपर्यंत कोणाच्या हाती लागू नये म्हणून वेगळा ठेवा.

ज्या दोरावर माणसाचा भार येतो तिथे घरचा सांधा नको: विहिरीत उतरायचा दोर, रंगकामाचा झुला, पोरांचा उंच झोका, आणि दहीहंडीचा दोर, कारण गोविंदा त्याला लोंबकळतातच. टोक सुटलेलं दिसलं तर पूर्ण दोर जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. शंका राहिली तर नवा घ्या.

बोअरमधल्या मोटारीचा दोर वर तोंडाशी पिंजलेला दिसला तर हात लावू नका. खाली मोटार आणि पाण्याने भरलेला पाइप लोंबत असतो. टोक मोकळं करायला गेलात आणि दोर निसटला तर सगळं बोअरमध्ये जाईल, तुमची बोटंही अडकू शकतात. वीज बंद करा आणि तिपाई-चेनपुली घेऊन येणाऱ्या मोटारवाल्यांना बोलवा. मोटार वर आली की दोर बदला, जुन्याला जोड देऊ नका.

तारेचा दोर सुटत असेल, तुटक्या तारा बाहेर आल्या असतील, तर हे सगळं त्याला लागू नाही. तिथे शिकलेला रिगरच, म्हणजे तारेचे दोर आणि वजन उचलायचं काम करणारा माणूसच हवा.

आणि वेसणीने नाकाला जखम झाली असेल, सूज किंवा पू दिसत असेल, तर वेसण ओढून काढू नका, तशीच नव्याने घालूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जखम भरेपर्यंत जनावर म्होरकीवर ठेवा.